जिथला केस तिथे

३ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या पुढे उपयोगी पडतात. ही मात्र कोणी वाचायची नाही. मी गेल्यावर वाचली तर माझा इलाज नाही.

विमा कंपनीच्या क्लेम खात्यातून निवृत्त झालो त्याला आता चार महिने झाले. आयुष्यभर लोक सांगतात ते खरं की खोटं एवढंच तपासलं. आता उरलेलं आयुष्य कलेला. आतापर्यंत जलरंग झाले (कागद वाईट होता), मातीकाम झालं (माती वाईट होती), बासरी झाली (शेजार वाईट आहे). प्रत्येक वेळी ही आली, बघितलं आणि म्हणाली, बरं.

हिचं खाली तळमजल्यावर पार्लर आहे. तिथे दिवसभर छान-छान चालू असतं. छान दिसताय, छान बसलेत केस, छान शेप आलाय. आणि जिना चढून वर आली की नवऱ्याला बरं. लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्या एकाही गोष्टीला ही छान म्हणालेली नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

संकल्प: हे वर्ष संपायच्या आत हिच्या तोंडून छान ऐकायचं. मी न विचारता. स्वतःहून.

४ मार्च, सकाळी
माध्यम सापडलं!

स्क्रू-ड्रायव्हर आणायला पार्लरमध्ये गेलो होतो. दाताच्या डॉक्टरीणबाई नुकत्याच केस कापून गेल्या होत्या आणि फरशीवर त्यांचे केस पडले होते. बघतच राहिलो. सही खोटी करता येते, फोटो बदलता येतो, वयाचा दाखलासुद्धा करून मिळतो (मी किती पकडले आहेत). पण केस? केस म्हणजे खुद्द माणूस. इथे माणसं आपला अंश टाकून जातात आणि आम्ही तो केराच्या डब्यात टाकतो!

आता व्यक्तिचित्रं करणार. ज्याचं त्याचं चित्र, ज्याच्या त्याच्या केसांत. हे जगात आजवर कोणी केलेलं नाही.

४ मार्च, दुपारी
मुलीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात जाहिरात कंपनीत आहे. म्हणाली, बाबा, पुष्कळांनी केलंय, शेकडो वर्षं करतायत, नेटवर बघा. बघितलं नाही. जगात केलं असेल. आमच्या गल्लीत नाही.

६ मार्च
पार्लरचा केर आजपासून मी काढणार असं हिला सांगितलं. ही मटकन खुर्चीत बसली. माझ्या कपाळाला हात लावून बघितला. सासूबाई म्हणाल्या की जावईबापूंना काहीतरी हवं असणार. सासूबाई आमच्याकडे नऊ वर्षांपूर्वी तात्पुरत्या आल्या आहेत. संशयी बाई.

हेतू गुप्त ठेवला आहे. उद्घाटनाच्या दिवशीच सगळ्यांना कळेल, हिलासुद्धा.

११ मार्च
कलेला तत्त्व लागतं. आज ते सुचलं. आंघोळ करताना.

जिथला केस तिथे.

म्हणजे डोक्याचे केस डोक्याला आणि भुवईचे भुवईला. डोक्याचा केस भुवईला चिकटवणारा कलावंत मी फसवा समजतो. असले क्लेम मी उभ्या आयुष्यात पास केले नाहीत. पाकिटं तयार केली. प्रत्येक बाईच्या नावाने चार: डोकं, भुवई, वरचा ओठ, हनुवटी. ही थ्रेडिंग करते तेव्हा दोऱ्याने निघालेले केस टिश्यूने पुसून टाकते. ते टिश्यू मी डब्यातून परत काढतो. काम नाजूक आहे.

१५ मार्च
शिंक आली. नगरसेविकाबाईंची डावी भुवई गेली.
यापुढे पंखा बंद. शिंक बंद.

१९ मार्च
केस शाम्पूने धुऊन चहाच्या गाळणीत वाळत ठेवले होते. सासूबाईंनी न बघता चहा गाळला. त्यांच्या कपात एक केस निघाला. मी तो चिमट्याने उचलून उजेडात धरला आणि बघताक्षणी सांगितलं की हा मुख्याध्यापिकाबाईंचा, उजव्या भांगाकडचा. इतकी नजर तयार झाली आहे. सासूबाई म्हणाल्या, तो कप घासायच्या ब्रशचा आहे. असेल. पण चहा त्यांनी टाकून दिला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. एकूण दिवस चांगला गेला.

२४ मार्च
ही हल्ली खुशीत असते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगते की आमचे हे आता मला मदत करतात, सगळा केर काढतात, कोपरेसुद्धा सोडत नाहीत. बायका माझ्याकडे आदराने बघतात. काल पार्लर बंद केल्यावर ही जिन्याच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली. कितीतरी दिवसांनी. म्हणाली, तुम्ही खाली असता ना, तेव्हा बरं वाटतं हो.

परत बरं! पण ठीक आहे. घरात काहीतरी मोठं घडतंय, हे तिला आतून जाणवत असणार. कलेचं तेज लपत नाही.

२ एप्रिल
पहिलं चित्र पूर्ण: दाताच्या डॉक्टरीणबाई. हार्डबोर्ड, गोंद, केस. भुवया तर अशा जमल्या आहेत की आता बोलतील.

वरच्या ओठाचं पाकीट उघडताना क्षणभर थांबलो. नाही कशाला म्हणू? केस बारीक, पण पाकीट चांगलंच भरलेलं. लावावे की न लावावे? मग स्वतःलाच खडसावलं. क्लेम खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाने पुरावा दडवायचा? लावले. जिथले तिथे. बाई भारदस्त दिसतात.

९ एप्रिल
मुख्याध्यापिकाबाई पूर्ण झाल्या. हे हिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. स्वतः तर येतातच, पण त्यांच्यामुळे सगळ्या शाळेच्या शिक्षिका येतात. निम्मं पार्लर शाळेवर चालतं आणि आमचं घर पार्लरवर. म्हणून त्यांच्या चित्रावर विशेष मेहनत घेतली. वरचा ओठ आणि हनुवटी, दोन्ही पाकिटं पूर्ण वापरली. हातचं राखून काही ठेवलं नाही.

चित्र भिंतीला टेकवून लांबून बघितलं. एखादे सेनापती वाटतात. शाळेला शिस्त कुठून आली ते आता कळलं.

११ एप्रिल
मुलीचा फोन. तिने विचारलं की बाबा, तुम्ही त्या बायकांना विचारलंत का. मी म्हणालो, डोंगराचं चित्र काढणारा डोंगराला विचारतो का? ती म्हणाली, डोंगर दर पंधरा दिवसांनी आईकडे थ्रेडिंगला येत नाही. जाहिरातीत राहून मुलीची दृष्टी फार व्यापारी झाली आहे.

तरी तिने विचारलं म्हणून विचार केला. पाच मिनिटं. नंतर झोप लागली.

१६ एप्रिल
वाचनालयाचा हॉल मिळाला! सेक्रेटरींना भेटलो. त्यांना जाड भिंगाचा चष्मा आहे, पण माणूस गुणग्राहक. मी म्हणालो, आपल्या भागातल्या कर्तबगार स्त्रियांची व्यक्तिचित्रं आहेत. ते इतके खूश झाले की त्यांनीच सुचवलं, त्या स्त्रियांनाच बोलावू, आणि प्रत्येकीच्या हातून तिच्याच चित्रावरचा पडदा सरकवू. मी म्हणालो, वा! हे मलासुद्धा सुचलं नव्हतं.

१८ एप्रिल
हिला एवढंच सांगितलं की शनिवारी संध्याकाळी वाचनालयात माझ्या चित्रांचं प्रदर्शन आहे, आणि तुझ्यासाठी आश्चर्य आहे. हिने विचारलं, कसली चित्रं? मी गूढ हसलो. मग म्हणाली की जलरंग नाहीत ना. त्यावरही हसलो.

ती शनिवारी पार्लर लवकर बंद करणार आहे. इतक्या वर्षांत माझ्यासाठी पहिल्यांदा. गिऱ्हाइकांनाही सांगत होती, या हं सगळ्या, आमच्या ह्यांचं प्रदर्शन आहे. मी जिन्यातून ऐकलं. शनिवारी छान नक्की.

२१ एप्रिल, शनिवार, उद्घाटनानंतर
अभूतपूर्व!

हॉल भरला होता. झाडून सगळी गिऱ्हाइकं आली होती. ही ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत, शेजारी सासूबाई. मी आधी छोटंसं भाषण केलं. तत्त्व समजावून सांगितलं. कोणता केस कुठून येतो, टिश्यू डब्यातून कसा परत काढायचा, हनुवटीचा केस ओठाच्या केसापेक्षा जाड असतो तो कसा ओळखायचा, सगळं. शेवटी म्हणालो की माझ्या पत्नीचा दोरा नसता तर या थोर स्त्रियांचं खरं रूप जगापुढे कधीच आलं नसतं. हिचे आभार मानले. तिने चेहरा ओंजळीत लपवला. लाजली.

मग मुख्याध्यापिकाबाईंनी पडदा सरकवला.

शांतता पसरली. खऱ्या कलेपुढे शब्द सुचत नाहीत. तेवढ्यात सेक्रेटरींनी चष्मा वर-खाली करत माइकवर जाहीर केलं की बाईंच्या स्वर्गीय वडिलांचं हे हुबेहूब चित्र बघून मन भरून येतं. टाळ्या पडल्या. मला चूक दुरुस्त करावी लागली. म्हणालो, वडील नव्हेत, खुद्द बाई.

बाईंचा हात आपोआप तोंडावर गेला. नंतर डॉक्टरीणबाईंचा. नगरसेविकाबाईंनी तर आपला पडदा सरकवलाच नाही, उलट दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला. आणि मग मागे बघतो तो काय, हॉलमधल्या एकूण एक बाईचा हात वरच्या ओठावर! इतकं भिडतं माझं काम. आजवर एकाही चित्रकाराने प्रेक्षकांना असं हलवलं नसेल.

बायका घाईघाईने निघून गेल्या. भारावल्या होत्या. हीसुद्धा न सांगता घरी गेली. गर्दी तिला सोसत नाही.

येताना सासूबाई रस्ताभर एकच म्हणत होत्या: हात दाखवून अवलक्षण. माझ्या कलेतलं त्यांना काय कळणार?

२२ एप्रिल
ही बोलत नाही. चहा दिला. साखर नव्हती.

२३ एप्रिल
पार्लरमध्ये कोणी आलं नाही. लोकांना पचवायला वेळ लागतो.

२५ एप्रिल
शाळेतून फोन. एका शिक्षिकेने अपॉइंटमेंट रद्द केली. मग दुसरीने. मग कारकून बाईने सगळ्यांच्या वतीने एकदमच केली, म्हणजे फोनचा खर्च वाचतो.

संध्याकाळी ही एकदाची बोलली. म्हणाली, अहो, आमचा धंदा केस काढायचा नसतो, तोंड बंद ठेवायचा असतो. डॉक्टरला सांगत नाहीत ते बायका माझ्या खुर्चीत डोळे मिटून सांगतात. वीस वर्षं मी कोणाचं काही बाहेर जाऊ दिलं नाही. तुम्ही माझा केसाने गळा कापलात.

मी शांतपणे म्हणालो, यात कोणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही, ते सगळे आधीच निघालेले होते. उत्तर बिनतोड होतं. तरी ती रडली.

मग ती म्हणाली, आणि मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी केर काढत होतात.

याला मात्र उत्तर सुचलं नाही. उद्या सुचेल.

२६ एप्रिल
सुचलं नाही.

२८ एप्रिल
एका गोष्टीचं समाधान आहे. आमच्या घरात लपवाछपवी नाही. हिचे केस मुळातच काळेभोर. पुढचं चित्र हिचंच करायचं, म्हणजे तिचा राग जाईल. हे सासूबाईंना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की कवळी काढून हातात धरावी लागली. म्हणाल्या, जावईबापू, माझी लेक गेली पंधरा वर्षं दर महिन्याला डोकं रंगवते. तुमच्या समोर. त्याच बेसिनमध्ये.

मी तर ती मेंदीसारखं काहीतरी थंडाव्यासाठी लावते असं समजत होतो. तपासणी अधिकारी असलो तरी घरात कोण तपासतं?

१ मे
आनंदाची बातमी! वाचनालयाच्या सेक्रेटरींचा फोन. सगळी चित्रं गेली. ज्यांची त्यांनी स्वतः येऊन भिंतीवरून काढून नेली. शंभर टक्के प्रतिसाद! लोक वर्षानुवर्षं प्रदर्शनं भरवतात, एक चित्र हलत नाही.

हिला सांगायला खाली गेलो. ही आपल्याच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून पायाने खुर्ची गोल फिरवत होती. आरशासमोर आली की थांबायची, परत फिरवायची. फरशी स्वच्छ होती. केर काढण्यासारखं काही नव्हतंच. मला ते बघवलं नाही. काही न सांगता वर आलो.

संध्याकाळी फिरायला गेलो. शाळेच्या मागच्या आवारातून जळक्या केसांचा वास येत होता. त्यावर काही लिहीत नाही.

४ मे
हिने आज ठेवणीतले कपडे घातले आणि एकेका बाईच्या घरी जाऊन आली. डोळे सुजले होते. कुठे गेली होतीस, विचारलं. म्हणाली, तुमच्याबद्दल बोलायला.

म्हणजे शेवटी तिने माझी बाजू मांडली तर! मला माहीत होतं.

७ मे
चमत्कार! पार्लर भरलं. डॉक्टरीणबाई आल्या, नगरसेविकाबाई आल्या, शाळा तर रांगेत बसली होती. म्हणजे हिने त्यांना कला समजावून सांगितली आणि त्यांना ती पटली. नव्या मालिकेचा विचार सुरू. पापण्या?

९ मे
वागणुकीत फरक जाणवतो. बायका माझ्याशी फार आदराने बोलतात. सावकाश आणि मोठ्याने. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, का-का, जे-व-लात-का? मी म्हणालो, हो. त्या म्हणाल्या, शा-ब्बास. जिना चढताना एका शिक्षिकेने माझा दंड धरला. मी आत गेलो की ही कात्र्या उचलून वरच्या फळीवर ठेवते. नगरसेविकाबाईंनी सोललेलं संत्रं आणून दिलं, बिया काढून.

थोरामोठ्यांना लोक असंच वागवतात.

१२ मे
सासूबाईंकडून सगळं कळलं. लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं. संतापाने.

हिने घरोघर जाऊन सांगितलं की निवृत्तीनंतर ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. भास होतात. नको तिथे केस दिसतात. डॉक्टर म्हणालेत, उलट बोलू नका. आणि बायकांनी ते एका क्षणात मान्य केलं! का नाही करणार? मला भास होत असतील तर मिशा नव्हत्याच. कधीच नव्हत्या. सगळ्या एका वेड्याने लावल्या. झाकली मूठ परत सव्वा लाखाची झाली. मुख्याध्यापिकाबाई म्हणे हिच्या गळ्यात पडून म्हणाल्या, बाई गं, केवढं सोसतेस.

सासूबाई म्हणाल्या की सांगताना ती खोटं रडली नाही हो, खरंच रडली.

मी वेडा? क्लेम खात्यात मला फसवू शकलेला माणूस जन्मला नव्हता. उद्या खाली जाऊन सगळ्यांदेखत सत्य सांगणार. चित्रांनंतर जमवलेलं एकेकीचं पाकीट अजून माझ्या कपाटात आहे. पुरावा दाखवणार. ठरलं.

१३ मे
भाषण पाठ केलं. दाढी केली. पाकिटं खिशात घातली. जिना उतरलो.

पार्लर गच्च भरलं होतं. बाकावर जागा नव्हती. मुख्याध्यापिकाबाई खुर्चीत होत्या आणि ही दोऱ्याचं टोक दातात धरून त्यांच्यावर वाकली होती. गुणगुणत होती. दातात दोरा असताना गुणगुणणं सोपं नाही, पण हिला येतं. बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

मी घसा साफ केला. मुख्याध्यापिकाबाईंनी मान वळवून सावकाश, मोठ्याने विचारलं, का-का, मला ओळखलंत का?

सगळं पार्लर माझ्या तोंडाकडे बघत होतं. हिच्या दातातला दोरा ताणलेला तसाच राहिला. मी हिच्याकडे बघितलं. ती इतकी घाबरलेली मी कधीच पाहिली नव्हती, तिच्या वडिलांच्या आजारपणातसुद्धा नाही.

खिशातली पाकिटं हाताला लागत होती.

मी म्हणालो, आपण राणीसाहेब ना? आपला घोडा कुठे बांधला?

बाईंनी सुटकेचा श्वास टाकला, मागच्या बाकावर कोणीतरी अरेरे म्हणालं आणि डॉक्टरीणबाईंनी डोळे टिपले. ही परत वाकली. दोरा चालू झाला. मी केरसुणी उचलली आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली. केर सगळा डब्यात टाकला. पाकिटंही.

२० मे
डॉक्टरीणबाईंनी माझ्यासाठी चित्रं रंगवायचं पुस्तक आणलं. त्यांच्या दवाखान्यात लहान मुलांसाठी ठेवलेलं असतं त्यातलं. सोबत मेणाचे खडू, टोक नसलेले. म्हणाल्या की का-का, रेषेच्या बाहेर जायचं नाही हं.

पार्लरच्या कोपऱ्यात मला एक स्टूल दिलं आहे. बायकांना मी समोर असलेला बरा वाटतो, म्हणजे लक्ष राहतं. नकार देता येत नाही. हिच्या धंद्याचा प्रश्न आहे. रोज निदान एकदा तरी राणीसाहेबांच्या घोड्याची चौकशी करावी लागते.

पहिल्या पानावर बदक होतं. दुपारभर बसून रंगवलं. अंग पिवळं, चोच केशरी, पाणी निळं. रेषेबाहेर कुठेही गेलो नाही. निळा खडू संपत आला म्हणून पाणी थोडं फिकट राहिलं आहे.

गिऱ्हाइकाच्या डोक्याला टॉवेल गुंडाळून ही माझ्याकडे आली. मी काही विचारलं नव्हतं. बदकाकडे बघितलं आणि म्हणाली, छान.